सिस्कोचा एअरओएस वायरलेस कंट्रोलर : गुणी, पण एका पॅकेटाने आडवा होणारा

सिस्को या नेटवर्क-यंत्रांच्या कंपनीच्या वायरलेस लॅन कंट्रोलरमध्ये, म्हणजे संस्थेतले सगळे वायफाय एका जागेवरून चालवणाऱ्या पेटीत, चालणाऱ्या एअरओएस या प्रणालीचे परीक्षण आता लिहिणे काहींना उशिराचे वाटेल, कारण ३५०४, ५५२० आणि ८५४० या तिच्या शेवटच्या पेट्यांची नवी विक्री कंपनीने थांबवली आहे आणि ८.१० ही तिची अखेरची आवृत्ती ठरली आहे. पण विक्री थांबली म्हणून वापर थांबत नाही. महाविद्यालये, रुग्णालये, हॉटेले आणि कारखाने यांच्या रॅकमध्ये या पेट्या अजून चालू आहेत, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन बाजारापर्यंत वापरलेल्या २५०४ व ५५०८ यांचे ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणून सौदे होत असतात. असा सौदा करू पाहणाऱ्यांसाठी, तसेच आपल्या संस्थेत असलेली पेटी आणखी काही वर्षे चालवावी की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण आहे. वेग, पल्ला आणि सोय यांविषयी मी थोडक्यात लिहिणार आहे. जास्त जागा मी एकाच प्रश्नाला देणार आहे : पासवर्ड ठाऊक नसलेल्या एखाद्या माणसाने ही पेटी बंद पाडायचे ठरवले, तर ती किती तग धरते?

प्रथम तिच्या गुणांविषयी, कारण ते खरे आहेत. एअरओएस मूळची सिस्कोची नव्हे. एअरस्पेस नावाच्या कंपनीने ती घडवली, आणि सिस्कोने २००५ च्या जानेवारीत सुमारे ४५ कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात ती कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी प्रत्येक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छतावर किंवा भिंतीवर बसवलेले वायफाय देणारे यंत्र, स्वतंत्रपणे हाताळावा लागे. चॅनेल, शक्ती, पासवर्ड, सारे एकेका यंत्रात जाऊन भरायचे. एअरस्पेसच्या पद्धतीत ॲक्सेस पॉइंटाकडे रेडिओचे तातडीचे काम राहिले आणि जोडणी, ओळखपडताळणी, भटकंती (वापरकर्त्याचे एका ॲक्सेस पॉइंटावरून दुसऱ्यावर जाणे), चॅनेलवाटप हा सारा विचार मधल्या कंट्रोलरकडे गेला. शंभर-सव्वाशे ॲक्सेस पॉइंट एका पडद्यावरून चालवता येणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, आणि आजही एअरओएसचा तो पडदा नव्या माणसाला दोन दिवसांत समजतो. शेजारच्या चॅनेलांची गर्दी पाहून शक्ती आपोआप कमी-जास्त करण्याचे तिचे गणित उत्तम आहे. क्षमतेबाबत तक्रारीला जागा नाही. ३५०४ ही छोटी पेटी १५० ॲक्सेस पॉइंट आणि ३,००० वापरकर्ते सांभाळते, ५५२० ची मर्यादा १,५०० आणि २०,००० आहे, तर ८५४० ची ६,००० आणि ६४,००० आहे. मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला यांतली सर्वांत लहान पेटीही पुरून उरते.

मात्र ज्या रचनेमुळे हे गुण आले तिच्यामुळेच सगळा भार एका जागी गोळा झाला. ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्यातील संभाषण पूर्वी एलडब्ल्यूएपीपी या प्रोटोकॉलने, म्हणजे संभाषणाच्या ठरलेल्या नियमांनी, होत असे. त्याच्या पायावर कॅपवॅप हा सार्वजनिक मानक प्रोटोकॉल तयार झाला आणि मार्च २००९ मध्ये तो आरएफसी ५४१५ या मानक-दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला. यूडीपी या संदेश पाठवण्याच्या साध्या पद्धतीतील ५२४६ क्रमांकाच्या पोर्टावर, म्हणजे पेटीच्या क्रमांक दिलेल्या प्रवेशदारावर, नियंत्रणाचे संदेश जातात आणि ५२४७ वर वापरकर्त्यांचा डेटा. नियंत्रणाच्या संदेशांना डीटीएलएस या पद्धतीचे कूटावरण (सांकेतिक लिपीचे आवरण) असते, त्यामुळे कागदावर सारे सुरक्षित दिसते. पण ॲक्सेस पॉइंट प्रथम चालू होतो तेव्हा त्याला कंट्रोलर कुठे आहे हेच माहीत नसते. तो डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या ४३ क्रमांकाच्या पर्यायातून, डीएनएस या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतून किंवा सरळ ब्रॉडकास्ट करून, म्हणजे सगळ्यांना हाक मारून, शोध घेतो, आणि त्याची ‘डिस्कव्हरी’ची विनंती उघड्यावरच जाते, कारण कूटावरण उभारायला दोघांची गाठ आधी पडावी लागते. म्हणजे अनोळखी यंत्राकडून आलेला मजकूर कंट्रोलरला उघडून वाचावाच लागतो. वाड्याच्या दारावरचा रखवालदार आलेल्याची ओळख विचारण्याआधी त्याने पुढे केलेली चिठ्ठी वाचू लागला, तर चिठ्ठीत काहीही लिहिलेले असले तरी त्याचे डोके ठिकाणावर राहायला हवे. एअरओएसचा इतिहास पाहिला तर तिचे डोके नेमके याच जागी पुन्हापुन्हा फिरले आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१८-०४४३ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटींना दिला जाणारा क्रमांक) ही त्रुटी याचे स्वच्छ उदाहरण आहे. डिस्कव्हरी विनंतीतील काही रकान्यांची तपासणी प्रणाली नीट करत नव्हती. विशिष्ट पद्धतीने बिघडवलेली विनंती पाठवली, की कंट्रोलरशी जोडलेले ॲक्सेस पॉइंट तुटत, पुन्हा जोडले जात, आणि तेवढा वेळ सेवा बंद राहत असे. हल्लेखोराला ओळखपत्र लागत नाही, पासवर्ड लागत नाही. कंट्रोलरच्या पत्त्यापर्यंत पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून जाणारा संदेशाचा तुकडा, पोहोचले की झाले. त्याच महिन्यात सीव्हीई-२०१८-०४४२ ही तिची बहीण जाहीर झाली. तिच्यात कॅपवॅपच्या ‘कीप-अलाइव्ह’ संदेशांवरची तपासणी अपुरी असल्याने कंट्रोलरच्या स्मृतीतील मजकूर बाहेर जाऊ शकत होता. ती सेवा ठप्प पाडणाऱ्या वर्गातली नसली, तरी मूळ दोष एकच आहे : समोरून आलेल्या संदेशाच्या लांबी-रुंदीवर आणि आकडेमोडीवर ठेवलेला भाबडा विश्वास.

पुढे एप्रिल २०२० मध्ये सीव्हीई-२०२०-३२६२ आली. कारण पुन्हा कॅपवॅप पॅकेटांची अपुरी छाननी, मात्र परिणाम अधिक कठोर. चुकीच्या घडणीचे पॅकेट पोहोचल्यावर केवळ ॲक्सेस पॉइंट तुटत नसत, तर पूर्ण कंट्रोलरच पुन्हा सुरू होत असे. दीड वर्षापूर्वी त्याच प्रोटोकॉलात त्याच प्रकारची चूक दुरुस्त केलेली असताना उरलेल्या पॅकेट-प्रकारांचीही झाडाझडती त्याच वेळी व्हायला हवी होती, असे मला परीक्षक म्हणून स्पष्ट लिहावेसे वाटते. एखादी चूक सापडणे समजण्यासारखे आहे. पण चुकांचा एक संपूर्ण वर्ग ठाऊक झाल्यावरही त्यातले नमुने सुटे सुटे सापडत राहणे हे तपासणीच्या शिस्तीतले उणेपण आहे. यावर तात्पुरता उपाय नव्हता. दुरुस्त आवृत्ती बसवणे एवढाच मार्ग होता. आपल्याकडे तेव्हा टाळेबंदी होती. महाविद्यालयांच्या इमारती ओस पडल्या होत्या आणि कंट्रोलर पुन्हा सुरू करण्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागावी असा एकही वापरकर्ता आवारात नव्हता. ती संधी ज्यांनी साधली त्यांचे काम सोपे झाले.

याच सुमारास जाहीर झालेली सीव्हीई-२०२०-३२७३ मला सर्वांत बोधक वाटते, कारण तिच्यात तारेच्या जाळ्यात शिरण्याचीही गरज उरत नाही. ८०२.११ या वायफाय-मानकाच्या ८०२.११यू या २०११ च्या दुरुस्तीने वायफायमध्ये एक सोय आणली. फोनने जाळ्याशी जोडून घेण्याआधीच ‘हे जाळे कुणाचे, येथे इंटरनेट मिळते का, माझ्या मोबाइल कंपनीचे खाते येथे चालेल का’ अशी चौकशी करायची आणि ॲक्सेस पॉइंटाने उत्तर द्यायचे. विमानतळांवरील आपोआप जोडणाऱ्या हॉटस्पॉटांच्या मुळाशी हीच सोय आहे. या चौकशीच्या फ्रेमांना, म्हणजे हवेतून जाणाऱ्या संदेशांना, जेनेरिक ॲडव्हर्टाइजमेंट सर्व्हिस म्हणतात. चौकशी जोडणीपूर्वीची असल्याने विचारणारा कोण हे पडताळण्याचा प्रश्नच येत नाही. एअरओएसमध्ये या फ्रेमांची छाननी अपूर्ण होती. हल्लेखोराने हवेतून ॲक्सेस पॉइंटाकडे मुद्दाम बिघडवलेली फ्रेम पाठवायची, ॲक्सेस पॉइंटाने आपल्या कर्तव्यानुसार ती कंट्रोलरकडे पोहोचवायची, आणि कंट्रोलरने ती वाचता वाचता कोसळून पुन्हा सुरू व्हायचे. तारेच्या बाजूने कंट्रोलर गाठता येत असेल, तर हाच मजकूर कॅपवॅपच्या पॅकेटात घालून पाठवला तरी चालत असे.

यातली गोम फायरवॉलवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आपण कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला, त्याच्यापुढे नियमांची भिंत उभी केली आणि केवळ ॲक्सेस पॉइंटांनाच त्याच्याशी बोलू दिले, तरी ही फ्रेम त्या भिंतीतून सन्मानाने आत जाते, कारण ती आणणारा दूत आपलाच विश्वासू ॲक्सेस पॉइंट असतो. रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून किंवा उपाहारगृहातल्या टेबलावरून हे घडू शकते. वायफायवरचा जुना आणि सर्वपरिचित उपद्रव म्हणजे खोट्या डीऑथ (जोडणी तोडण्याच्या) फ्रेमा सोडून लोकांना जाळ्यातून हाकलणे. पण त्याचा पल्ला हल्लेखोराच्या ॲन्टेनाइतकाच असतो, आणि २००९ च्या ८०२.११डब्ल्यू दुरुस्तीने त्याला बराच आळा बसला. येथे मात्र एका इमारतीच्या तळमजल्यावर सोडलेली फ्रेम त्या कंट्रोलरवर अवलंबून असलेल्या सगळ्या इमारतींचे, कदाचित दुसऱ्या गावातल्या शाखेचेही, वायफाय बंद पाडू शकत होती. एका ॲक्सेस पॉइंटवरचा हल्ला आणि कंट्रोलरवरचा हल्ला यांतला फरक मला इतका ठळकपणे दुसऱ्या कोणत्या उदाहरणात दिसलेला नाही.

व्यवस्थापनाच्या बाजूचा इतिहासही फारसा उजवा नाही, पण त्यात आपल्या हाती असलेले उपाय अधिक आहेत, म्हणून तो भरभर सांगतो. २०१६ मधील सीव्हीई-२०१६-१३६२ मध्ये वेबपडद्याच्या (ब्राउझरमधून उघडणाऱ्या व्यवस्थापन-पानांच्या) आत काही अनाथ पत्ते शिल्लक राहिले होते, आणि त्यांपैकी एखादा मागितला की पेटी पुन्हा सुरू होत असे, ४.१ पासून ७.६ मालिकेतील ७.६.१००.० पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. ऑक्टोबर २०१९ मधील सीव्हीई-२०१९-१५२६२ मध्ये एसएसएचची, म्हणजे दुरून पेटीला आज्ञा देण्याची, जोडणी तुटल्यावर तिची प्रक्रिया साफ होत नव्हती, त्यामुळे कुणी जोडण्या उघडत राहिला तर पेटीची साधने संपून जात. पुढच्याच महिन्यात आलेल्या सीव्हीई-२०१९-१५२७६ मध्ये कमी अधिकाराच्या खात्याने आत शिरून विशिष्ट घडणीचा पत्ता वेबपडद्याला दिला, की ती कोसळत असे, आणि हे करून दाखवणारा कोडही जाहीरपणे उपलब्ध झाला. तिन्हींचा बंदोबस्त साधा आहे. व्यवस्थापनाचा पत्ता सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या जाळ्यातून दिसताच कामा नये, आणि स्वागतकक्षातल्या माणसाला पाहुण्यांची खाती काढण्यासाठी दिलेल्या प्रवेशासह सगळी कमी अधिकाराची खाती मोजकीच ठेवावीत. वायफायवरून कंट्रोलरचा व्यवस्थापन-पडदा उघडण्याची मुभा एअरओएसमध्ये मुळात बंद असते, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. सोयीसाठी ती चालू करून ठेवणारे आपणच असतो.

आता पेटी कोसळल्यावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहू, कारण ‘पुन्हा सुरू होते’ हे शब्द ऐकायला सौम्य वाटतात. ॲक्सेस पॉइंट सर्वसाधारण ‘लोकल’ पद्धतीत असतील, तर कंट्रोलर हरवल्याचे कळताच ते रेडिओ बंद करून नव्याने कंट्रोलर शोधू लागतात. जाळ्याचे नावच फोनच्या यादीतून नाहीसे होते. कंट्रोलर उठतो, मग प्रत्येक ॲक्सेस पॉइंट पुन्हा शोध, पुन्हा डीटीएलएसची हातमिळवणी, पुन्हा सेटिंगांची देवाणघेवाण करतो, आणि त्यानंतर हजारो वापरकर्त्यांचे फोन एकाच वेळी ओळखपडताळणी करणाऱ्या रेडियस सर्व्हरवर तुटून पडतात. रुग्णालयात वॉर्डातल्या टॅबलेटवर रुग्णाची नोंद उघडलेली असेल, गोदामात हातातल्या स्कॅनरवर माल उतरवणे चालू असेल, महाविद्यालयात ऑनलाइन परीक्षा चालू असेल, तर ही काही मिनिटे फार लांब होतात. आणि हल्लेखोराला दुसरे पॅकेट पाठवण्यापासून कुणीही रोखलेले नसते. उठलेली पेटी दर वेळी पुन्हा पाडत राहणे हाच या प्रकारच्या हल्ल्याचा खरा उपयोग आहे. त्यात माहिती चोरीला जात नाही म्हणून ‘फक्त’ सेवा ठप्प होते असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी एक दिवस परीक्षा-नियंत्रकांच्या शेजारी बसून पाहावे.

विक्रेते अशा वेळी दुसरी पेटी घ्या असे सुचवतात. दोन कंट्रोलर जोडीने ठेवून एक पडल्यास दुसऱ्याने काम तत्काळ उचलायचे, ही एअरओएसची सोय ७.३ आवृत्तीपासून आहे आणि ७.५ पासून वापरकर्त्यांच्या जोडण्याही न तुटता हस्तांतरित होतात. वीजपुरवठा जळाला, केबल निघाली, पेटीचे आयुष्य संपले, अशा प्रसंगी ती सोय खणखणीत काम करते आणि तिच्यासाठी पैसे मोजणे योग्य आहे. पण जोडीतल्या दोन्ही पेट्यांवर एकच आवृत्ती असावी लागते, म्हणजेच दोघींमध्ये एकच भोकही असते. पहिलीला पाडणारे पॅकेट दुसरीलाही पाडते. या विशिष्ट धोक्यासाठी दुसऱ्या पेटीचा खर्च दाखवणाऱ्या कोटेशनवर मी सही करणार नाही.

खरी मदत होते ती ‘फ्लेक्सकनेक्ट’ पद्धतीची. तिच्यात वापरकर्त्यांचा डेटा कंट्रोलरपर्यंत न नेता ॲक्सेस पॉइंट जागच्या जागी स्विचमध्ये (तारेचे जाळे जोडणाऱ्या पेटीत) सोडू शकतो, त्यामुळे कंट्रोलर नाहीसा झाला तरी जोडलेले लोक काम करत राहतात, आणि सामायिक पासवर्डच्या जाळ्यावर नवे लोकही येऊ शकतात. प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्याने चालणाऱ्या जाळ्यावर नव्यांना घ्यायचे असेल, तर ॲक्सेस पॉइंटाला थेट रेडियस सर्व्हर गाठण्याची किंवा स्थानिक पडताळणीची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. ती बहुतेक ठिकाणी केलेली नसते. ही पद्धत शाखा-कार्यालयांसाठी बनवली गेली आणि मोठ्या आवारात तिच्या काही मर्यादा जाणवतात, विशेषतः एका इमारतीतून दुसरीत जाताना. तरीही अतिदक्षता विभाग किंवा गोदाम यांसारख्या जागांपुरते ॲक्सेस पॉइंट या पद्धतीत टाकणे मला शहाणपणाचे वाटते.

दुरुस्तीच्या सेवेबद्दल कंपनीला संमिश्र गुण देतो. सिस्कोच्या सुरक्षा-सूचना वाचनीय असतात. कोणत्या आवृत्तीत दोष आहे, कोणत्या सेटिंगमुळे तो लागू होतो, तात्पुरता उपाय आहे की नाही, हे त्यांत सरळ लिहिलेले असते, आणि या बाबतीत अनेक स्पर्धकांनी तिच्याकडून शिकावे. फारशी माहीत नसलेली गोष्ट अशी, की देखभालीचा करार संपलेला असला तरी परवाना असलेल्या ग्राहकाला सुरक्षा-दोषाची दुरुस्ती विनामूल्य मागता येते. पेटीचा अनुक्रमांक आणि संबंधित सूचनेचा दुवा घेऊन मदतकेंद्राशी संपर्क साधायचा. करार नाही म्हणून काही करता येत नाही, असे सांगणाऱ्या मध्यस्थाचे ऐकून गप्प बसू नये.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. एअरओएसमध्ये एका दोषापुरते ठिगळ लावता येत नाही. पूर्ण प्रणाली बदलावी लागते आणि तिच्याबरोबर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटाचीही. नव्या आवृत्तीची प्रत ॲक्सेस पॉइंटांवर आधीच उतरवून ठेवण्याची सोय आहे, तिने बंद राहण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो, आणि जी मंडळी ती वापरत नाहीत त्यांनी रात्रीचे जागरण विनाकारण ओढवून घेतलेले असते. पण आवृत्ती वर नेली, की जुने ॲक्सेस पॉइंट एकेक करून आधाराबाहेर पडतात. ११४० हे एकेकाळी आपल्याकडे सर्रास दिसणारे मॉडेल ८.३ च्या पुढे चालत नाही. ११३० आणि १२४० तर ८.० लाच थांबले. दुसऱ्या टोकाला २५०४ आणि ५५०८ या पेट्या ८.५ च्या वर जात नाहीत. म्हणजे २०१० च्या आसपास घेतलेले ॲक्सेस पॉइंट टिकवायचे तर दोष असलेली आवृत्ती टिकवावी लागते, आणि दोष घालवायचा तर छतावरची चालू यंत्रे फेकावी लागतात. विश्वस्तांपुढे ‘सगळे चालू आहे, तरी बदला’ असा प्रस्ताव मांडणाऱ्या यंत्रणा-प्रमुखाची स्थिती ज्यांनी अनुभवली असेल त्यांना ही कोंडी समजावून सांगायला नको. लॅमिंग्टन रोडवरच्या २५०४ ची किंमत म्हणूनच मला स्वस्त वाटत नाही. तिच्या ७५ ॲक्सेस पॉइंटांच्या क्षमतेसोबत, पुढे सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती न मिळण्याची खात्रीही आपण विकत घेत असतो.

नव्या आवृत्तीकडे धावण्यातही धोका असतो, याचा दाखला एप्रिल २०२२ मध्ये मिळाला. सीव्हीई-२०२२-२०६९५ या दोषाने, एका विशिष्ट आणि मूळची नसलेल्या सेटिंगमध्ये, पासवर्डशिवायच कंट्रोलरचा व्यवस्थापन-पडदा उघडत असे. गांभीर्याचे मोजमाप १० पैकी १०. तो ८.१० च्या तुलनेने ताज्या आवृत्त्यांत होता आणि ८.१०.१७१.० मध्ये दुरुस्त झाला. त्यामुळे ३५०४, ५५२० किंवा ८५४० आज चालवत असणाऱ्याने निदान त्या आवृत्तीच्या वर, आणि शक्यतो ८.१० मालिकेतील शेवटच्या उपलब्ध आवृत्तीवर असावे. त्याहून खाली असलेल्या पेटीला मी चालू पेटी मानत नाही.

उत्तराधिकारी म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या कॅटॅलिस्ट ९८०० मालिकेकडे पाहिले तर चित्र बदलते, पण पूर्णपणे नाही. एअरस्पेसची जुनी प्रणाली सोडून ती आयओएस-एक्सई या सिस्कोच्या दुसऱ्या प्रणालीवर उभारली आहे. ॲक्सेस पॉइंटांचा कारभार ‘डब्ल्यूएनसीडी’ नावाच्या स्वतंत्र प्रक्रियांमध्ये विभागलेला आहे, आणि मोठ्या ९८००-८० मध्ये अशा आठ प्रक्रिया चालतात. माझ्या मते तिची सर्वांत मोठी भेट म्हणजे ठिगळे : एखाद्या दोषापुरती छोटी दुरुस्ती, काही वेळा पेटी पुन्हा सुरू न करताही, लावता येते, आणि ॲक्सेस पॉइंट टप्प्याटप्प्याने नव्या आवृत्तीवर नेता येतात. वर सांगितलेल्या जागरणांचे मूळच त्यामुळे बरेचसे जाते. तरी कॅपवॅप तोच आहे. सप्टेंबर २०२१ मधील सीव्हीई-२०२१-३४७७० मध्ये कॅपवॅप पॅकेटाच्या हाताळणीतील चुकीने पेटी नुसती कोसळत नसे, तर बाहेरच्या माणसाला तिच्यात सर्वोच्च अधिकाराने स्वतःचा कोड चालवता येत असे; तेथेही मोजमाप १० पैकी १०. सप्टेंबर २०२३ मधील सीव्हीई-२०२३-२०२०२ आणि मे २०२५ मधील सीव्हीई-२०२५-२०१४० या दोन्ही त्रुटी डब्ल्यूएनसीडीच्या स्मृतीव्यवस्थापनात होत्या. दुसरीत तर जाळ्याशी जोडलेल्या साध्या वापरकर्त्याने आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीच्या विनंत्यांची मालिका पाठवणे पुरे होते. आयपीव्ही६ आपण वापरत नाही, अशी समजूत असलेल्या संस्थांतले फोन आणि लॅपटॉप ते गुपचूप बोलतच असतात. तेव्हा ९८०० घेतल्याने दोष संपतील या अपेक्षेने कुणी ती घेऊ नये. दोष सापडल्यावर तो लवकर आणि कमी त्रासात बुजवता येतो, या कारणासाठी जरूर घ्यावी.

ज्यांना सध्या एअरओएसच चालवायची आहे, त्यांनी काही गोष्टी कराव्यात. कंट्रोलरच्या अलीकडच्या स्विचवर, यूडीपी ५२४६ आणि ५२४७ ही पोर्टे केवळ ॲक्सेस पॉइंटांच्या पत्त्यांसाठी उघडी ठेवावीत. एकाहून अधिक कंट्रोलर असतील तर त्यांच्या आपसांतल्या संवादासाठीचे १६६६६ हे पोर्ट फक्त त्या पेट्यांपुरते असावे. एसएसएच आणि वेबपडदा एका-दोन ठरलेल्या यंत्रांपुरता ठेवावा, आणि पेटीच्या सीपीयूवर लावायच्या नियमांची सोय त्यासाठी वापरावी; मात्र त्या यादीत कॅपवॅपला वाट द्यायची राहिली, तर हल्लेखोर न येताच सगळे वायफाय बंद होईल. ॲक्सेस पॉइंटच्या भिंतीवरच्या जोडणीत लॅपटॉप खुपसला की थेट कंट्रोलरचा दरवाजा ठोठावता येतो, हे जिन्यांतल्या आणि व्हरांड्यांतल्या हाताशी येणाऱ्या ॲक्सेस पॉइंटांबाबत विसरू नये. त्या स्विच-पोर्टांवर ८०२.१एक्स ही जोडणाऱ्या यंत्राची ओळख तपासणारी पद्धत लावता येते आणि सिस्कोचे ॲक्सेस पॉइंट त्यात स्वतःची ओळख देऊ शकतात. मान्यताप्राप्त ॲक्सेस पॉइंटांची यादी कंट्रोलरमध्ये भरणे चांगलेच, पण डिस्कव्हरीचे बिघडलेले पॅकेट ती यादी तपासण्याआधीच वाचले जाते, त्यामुळे या धोक्यापुरता तिचा भरवसा धरू नये. हॉटस्पॉटची, म्हणजे ८०२.११यूची, सोय कुणी वापरत नसेल तर ती चालू ठेवण्यात अर्थ नाही. पण सोय बंद केली म्हणून दुरुस्त आवृत्ती बसवणे टाळू नये.

पेटी अचानक पुन्हा सुरू झाली तर ती का झाली हे नंतर कळायला हवे, आणि एअरओएसच्या पोटातल्या नोंदींवर त्यासाठी विसंबता येत नाही. कोसळण्याची फाइल तयार होते, ती लगेच बाहेर काढून घ्यावी लागते. सर्वसाधारण नोंदी मात्र बाहेरच्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरवरच जायला हव्यात. आपल्या देशात त्याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, आणि सेवा ठप्प पाडणारा हल्ला हा लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याच्या घटनांच्या यादीत आहे. एअरओएस आपली वेळ बाहेरच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवू शकते. तेवढे सेटिंग केलेले नसेल, तर फायरवॉलच्या आणि कंट्रोलरच्या नोंदींतील मिनिटे जुळत नाहीत आणि वीज गेली होती की पॅकेट आले होते, हे सहा तासांत ठरवणे अशक्य होते.